चाकांवरचं पाणी

तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच.
टेम्पोतून चौघांनी उतरवली तेव्हा
रिकामी होती.
भरली मी. हापशीवरून, एकोणीस गुंड.

मासे गुरुजींचे, काच माझी.
पाहुणे आले की ते बोट खडूसारखं धरायचे,
हा एंजल, ही मॉली,
आणि हा बघा, शार्क.
मी चहाचा ट्रे घेऊन उभी.
शार्क म्हणे!
मी ढिवराची लेक.
बाच्या टोपल्यात शंभरदा पाहिलेला पंगास तो,
सानगडीच्या बाजारात किलोवर मिळतो.
बोलले नाही कधी.

पुढची काच पुसता येते. बाजूच्या दोन्ही येतात.
मागची भिंतीला लागून, मधे चार बोटांची फट,
कोपरापर्यंत हात जायचा
आणि पुढं नुसतं हिरवं, बुळबुळीत.
भिंतीला ओल चढली. चुन्याचे पोपडे सुटले.
हवेच्या मोटरचं बटन नेमकं तिकडंच,
लाइन जाऊन आली की
झाडूच्या दांड्यानं चाचपायचं.
"सरकवू या का जरा?"
"खुळी आहेस काय, तडकेल ना."
सहा वर्षं हे एवढंच बोलणं.

यंदा भिशी निघाली
आणि मी झनकलाल वेल्डरकडे गेले.
त्यानं जमिनीवर कोळशानं आकडे मांडले,
पाणी, काच, रेती, वरून लोखंड.
"वैनी, सात कट्टे धान होते हे.
काच नाही भारी, पानी भारी रायते."
चाकं चार, रबराची, दोन ब्रेकवाली.
"एकेक चाक शंभर किलोचं पायजे," मी म्हटलं,
"तेवढ्यानं भागेल ना?"
तो हसला.
"दीडशेचं घेऊ. फरशी कुठंच सपाट नसते.
चार चाकं लावा का सहा,
वजन तिघांवरच येते,
बाकीचे नुसते संगं चालतात."
घरी येईपर्यंत मला तेच हसू येत राहिलं.

गुरुजी केंद्रसंमेलनाला गेले त्या शनिवारी
नळी तोंडाला लावून पाणी ओढलं.
एक घोट आलाच. आमच्या बोडीची चव,
उन्हाळ्यातली, तळाची.
मासे घमेल्यात, पाणी वांग्यांना,
झनकलाल, त्याचा पोरगा, शेजारची देवांगना आणि मी,
टाकी उचलली, दोन पावलं पुढे.
मागे भिंतीवर काळा नकाशा,
पालीची फुटकी अंडी, एक कंगवा,
आणि कोपऱ्यात
वाळून खडंग झालेला, वीतभर,
डोळ्यांच्या जागी भोकं.
शार्क.
पहिलावाला. आल्यापासून आठव्या दिवशी नाहीसा झालेला.

मुंशीनं खाल्ला म्हणून
आमच्या बोक्याला गुरुजींनी पोत्यात घातलं होतं
आणि चुलबंदच्या पुलापलीकडे सोडून आले होते.
पोतं सायकलला बांधताना
दोरी मीच धरली होती.

थर्माकोल, त्यावर टाकी, पुन्हा पाणी.
झनकलाल म्हणाला, "ढकला आता."
एका हातानं ढकलली.
सात कट्टे धान, आणि हलकं दार उघडावं तसं.
थांबवली, तर गाडा थांबला,
पाणी थांबलं नाही,
ते जरा पुढं जाऊन मग माघारी आलं,
काठावर थोडं सांडलं.
"हळू," तो म्हणाला. "त्याले समजाले वेळ लागते."

संध्याकाळी गुरुजींनी सगळं पाहिलं.
चाकं पाहिली, नवा चुना पाहिला,
हजेरीपुस्तकाच्या कागदावर
मी ठेवलेलं ते वाळलेलंही पाहिलं.
"हा..."
"पंगास," मी म्हटलं.
ते चपला काढायचे विसरून
बराच वेळ तसेच.
चहा घेतला नाही. जेवले.

रात्री कधीतरी जाग आली.
बाहेरच्या खोलीतून ब्रेक सुटल्याचा कट् असा आवाज,
मग चाकं, फरशीच्या सांध्यावरून,
मग काहीच नाही.
आणि त्यानंतर, जरा उशिरा,
पाणी.